खनिजाची झाक

नाशिकजवळच्या एका लहान वायनरीतल्या चुणचुणीत तरुणानं चारचौघांत सांगितलं होतं की, माझ्यासारखी जीभ लाखात एखाद्याला असते. हे मत जेवणापर्यंत टिकलं. याआधी माझ्या जिभेविषयी विद्यार्थी, गटशिक्षणाधिकारी आणि घरची मंडळी यांनी जी मतं दिली होती, ती इथं छापण्यासारखी नाहीत. त्यामुळे टिकलं तेवढं मी पुरवून पुरवून वापरलं.

मी गोरेगावचा. लोकलचं गोरेगाव नव्हे, रायगडातलं तर नव्हेच. हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं. आमच्याकडे सोयाबीन, तूर, हरभरा आणि हळद. द्राक्षं येतात ती हातगाड्यावर, तीही भाव उतरल्यावर. १ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला. त्याच सुमारास तिकडं नाशिकला राजीव सामंतांनी ‘सुला’ वायनरीचा पाया घातला. त्यांना बाटली मिळाली, आम्हाला जिल्हाधिकारी कार्यालय मिळालं.

साडू नाशिकला स्थायिक आहे. त्याचा फोन आला, “गुरुजी, अर्ध्या दिवसाची सहल आहे. द्राक्षबाग, वाइन चाखणं आणि गावरान जेवण. पैसे मी भरलेत.” गावरान जेवणासाठी गाव सोडून चारेकशे किलोमीटर जाणं मला पटत नव्हतं, पण शेवटच्या वाक्यात वजन होतं. एसटीनं परभणी गाठलं आणि तिथून तपोवन एक्स्प्रेस धरली. बायकोनं धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि एक जुनी चादर बरोबर घेतली. चादर कशाला, असं विचारलं तर म्हणाली, “परत येताना तुमाला कशात तरी गुंडाळून आणावं लागंल.”

इथं एका गोष्टीचा खुलासा करायला हवा. माझ्या सदऱ्याच्या खिशात एक डबी असते. तिच्या एका तोंडाला तंबाखू, दुसऱ्या तोंडाला चुना. आमच्या शाळेतला ‘तंबाखूमुक्त शाळा’ हा फलक मी स्वतः रंगवला होता. मुलांना शपथही मीच द्यायचो आणि शपथ संपली की पाण्याच्या टाकीमागं जायचो. निवृत्तीनंतर टाकीची गरज उरली नाही, एवढाच फरक.

सकाळी नऊला टेम्पो ट्रॅव्हलर साडूच्या दारात उभी राहिली. आत मुंबईची चार तरुण मुलं-मुली आणि पुण्याचं एक जोडपं. पुण्याचे गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले, पत्नी डॉक्टर. गृहस्थांच्या मांडीवर वही होती आणि वहीत रंग, गंध, चव, शेवट असे रकाने आखलेले. आयुष्यभर हजेरीपट आखलेल्या माणसाला ती वही पाहून भरून आलं.

बागेत तो चुणचुणीत मार्गदर्शक भेटला. वेलीवर घड लटकले होते, तोडणी चालू होती. तो सांगू लागला, “आपल्याकडे वेल दोनदा छाटतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तिच्यातून काडी तयार होते. ऑक्टोबरमध्ये गोड छाटणी, तिच्यातून घड येतो. फ्रान्समध्ये वेल थंडीत झोपते. इथं ती थंडीत वाढते आणि जानेवारी ते मार्च तोडणी होते.” मुंबईची मुलं घडाबरोबर फोटो काढत होती. मी विचारलं, एकरी किती निघतं? भाव कोण ठरवतं? करार तोंडी की कागदावर? अवकाळी झाला तर विमा मिळतो का? तो एकेक पाऊल मागं सरकत वेलीला टेकला. शेवटी म्हणाला, “सर, वाइनच्या द्राक्षात वेलीवरचे घड मुद्दाम कमी ठेवतात. जास्त पिकवलं तर रस पातळ होतो, नुकसान होतं.”

“आमच्याकडे सोयाबीन जास्त पिकलं की नुकसानच होतं,” मी म्हटलं, “पण त्याला कोणी चाखायला येत नाही.”

मग त्यानं अभिमानानं सांगितलं की नाशिक व्हॅलीच्या वाइनला भौगोलिक मानांकन आहे. मी वसमतची हळद बाहेर काढली. तिला २०२४ मध्ये मानांकन मिळालंय. तिचं हळकुंड कट्‌कन मोडून, आतला गाभा पाहून हिंगोलीच्या मोंढ्यातला व्यापारी क्षणात भाव बोलतो, ना ग्लास लागतो ना दांडी, हेही ऐकवलं. पुण्याच्या गृहस्थांनी ‘हळद’ असं लिहिलं. कुठल्या रकान्यात ते दिसलं नाही. बायकोनं एकच प्रश्न विचारला, “रस काढल्यावर चोथ्याचं काय करता?” खत होतं, म्हटल्यावर तिचं समाधान झालं. या धंद्यात शहाणी माणसं आहेत, असं तिनं मला हळूच सांगितलं.

आत पोलादी टाक्यांची रांग होती. पांढऱ्या वाइनला रस आधी पिळून घेतात आणि मग आंबवतात. तांबडीला सालीसकट आंबवतात, कारण रंग आणि तुरटपणा सालीत असतो. काळ्या द्राक्षाचाही गर बहुधा पांढराच. हे ऐकता ऐकता माझा हात सवयीनं खिशात गेला. माहिती अजून बरीच आहे या हिशोबानं मी टाकीच्या आडोशाला (टाकी मिळाली की माझं असंच होतं) तळहातावर चिमूट मळली आणि गालात सोडली. तेवढ्यात तो म्हणाला, “चला, चाखायला बसू.”

लखलखीत फरशी, पांढरंशुभ्र कापड अंथरलेलं टेबल, प्रत्येकापुढं पाच ग्लास. थुंकायला जागा दिसेना. गिळण्याचा प्रश्नच नव्हता. गाल बंद करून बसलो.

पहिली सोव्हिन्यों ब्लांक. ग्लास दांडीला धरायचा, फिरवायचा, नाक आत घालायचं, मग घोट घेऊन तोंडभर खेळवायचा. “काय जाणवतं?” त्यानं विचारलं. मुंबईकर म्हणाले लिंबू. पुणेकर म्हणाले सिट्रस, म्हणजे रकान्यातलं लिंबू. मग सगळे माझ्याकडं बघू लागले. तोंड पूर्ण उघडणं शक्य नव्हतं. ओठांच्या फटीतून एकच शब्द बाहेर पडला आणि तो शंभर टक्के खरा होता.

“चुना.”

साडूनं मान खाली घातली. मार्गदर्शक मात्र उभाच राहिला. “करेक्ट! मिनरॅलिटी! खनिजाची झाक! फ्रान्समधल्या शाब्लीला चुनखडीची जमीन आहे, तिथल्या वाइनबद्दल जाणकार हेच बोलतात. सर, आपण आधी कुठं शिकलात?” मी नम्रपणे हात हलवला. बोलता येत नव्हतं, त्यामुळे नम्रता आपोआपच आली. पुणेकरांनी चवीच्या रकान्यात ‘लिंबू’ खोडून ‘चुना’ लिहिलं.

बायको पिणारी नव्हती. तिनं माझ्या ग्लासाचा नुसता वास घेतला आणि कुजबुजली, “कुठंतरी ढोबळी मिरची चिरलीय.” मी डोळ्यांनी दटावलं. पुढच्याच वाक्यात मार्गदर्शक म्हणाला की, या द्राक्षात हिरव्या ढोबळी मिरचीचा गंध देणारा घटकच असतो. तिच्याकडं कोणी पाहिलं नाही. मीही नाही.

दुसरी चेनिन ब्लांक. “चुना आहे,” मी म्हटलं, “पण मागं मागं.” गालातला चुना तेव्हा खरोखरच मागं सरकत होता. तिसरी गुलाबी. तिच्यापाशी मी नुसते डोळे मिटले. तेही वहीत गेलं. चौथी शिराझ. इथवर तंबाखूला चांगलाच रस सुटला होता.

“तंबाखू,” मी म्हटलं.

मार्गदर्शकानं मला मिठी मारायचीच बाकी ठेवली. ओकची पिंपं आतून जाळून घेतात, त्यामुळे तांबड्या वाइनला धूर, चामडं, तंबाखू असे गंध येतात, हे त्यानं सांगितलं. पिंपाचं मला नवीन होतं, तंबाखूचं नव्हतं. मग तो म्हणाला, “खरे परीक्षक घोट गिळत नाहीत, यात थुंकतात,” आणि त्यानं टेबलाच्या टोकाचं चकचकीत भांडं दाखवलं. सकाळपासून मी ज्याची वाट पाहत होतो ते हेच! बाकीचे लाजत होते. मी बसल्या जागेवरून, मध्ये दोन माणसं असताना, एक थेंब इकडंतिकडं न उडवता मधोमध नेम साधला. टाळ्या पडल्या. “प्रोफेशनल!” मुंबईची मुलगी म्हणाली. तांबडीच्या पाळीत रंगाचा प्रश्न कोणाला पडला नाही.

जेवण आंब्याखाली होतं. मी हातपाय धुतले, सवयीनं खळखळून चूळही भरली. माझी सगळी विद्वत्ता त्या मोरीतून वाहून गेली. ताटात बाजरीची भाकरी, पिठलं, वांग्याचं भरीत, ठेचा. ठेच्यावर किंचित गोडसर चेनिन घ्यायची, तिखट शांत होतं, असं कळलं आणि ते खरंही निघालं. मग हुरडा आला. वाटीत, चमच्यासह, वर कोथिंबीर.

आता गप्प बसणं शक्य नव्हतं. वावरात आगटी कशी करतात, गोवऱ्यांच्या आरात कणसं कशी खुपसतात, गरम कणीस तळहातावर चोळताना हात कसे पोळतात, सोबत जवसाची चटणी, दही आणि गूळ कसा लागतो, सुरती कोणती, गुळभेंडी कोणती, परभणीच्या कृषी विद्यापीठानं हुरड्यासाठी ‘परभणी वसंत’ हे वाण कसं काढलंय, हे सगळं मी सांगितलं. शेवटी म्हणालो, “हा मात्र आजचा, कोवळा आहे.”

“कालचा हाय,” बायको म्हणाली. “फ्रीजात ठेवल्याला. आन् दाना चिकातून पुढं गेलाय.” मार्गदर्शकाचे कान लाल झाले. आतून आचारी डोकावला आणि परत गेला.

माझी बाजू सावरावी या सद्‌हेतूनंच बहुधा मार्गदर्शकानं एक खेळ काढला. काळ्या काचेचा ग्लास, आतला रंग दिसत नाही; ओळखा. मी दांडी धरली, फिरवली, नाक घातलं, घोट खेळवला. चुना नाही. तंबाखू नाही. तोंडात फक्त वाइन होती, आणि वाइनची मला काहीच माहिती नव्हती.

“तांबडी,” मी म्हटलं. “जुनी. पिंपातली.”

ती चेनिन निघाली. मघाशी ठेच्यावर मी दोनदा मागून घेतलेली. मार्गदर्शक मनाचा मोठा. म्हणाला, “बोर्दोमध्ये २००१ साली फ्रेदेरिक ब्रोशे यांनी ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन तांबडा रंग घालून दिली होती. त्यांनी बहुतेक तांबडीचंच वर्णन केलं.” त्या विद्यार्थ्यांना निदान कोणीतरी रंग तरी घालून दिला होता.

हात धुवायला गेलो तर पुणेकर मागोमाग. बँकेतली नजर. “जेवणाआधी तुम्ही तोंडात काहीतरी ठेवलं होतं,” ते हळू आवाजात म्हणाले. “मी पाहिलंय. त्यानं जीभ तयार होते ना?”

“तसंच काहीसं,” मी म्हटलं.

“कुठलं असतं?”

“निपाणी.”

त्यांनी लिहून घेतलं. सकाळीच शिकलेला, मातीच्या गुणाचा शब्द त्यांनी वापरला, “टेरुआर?”

“सीमाभाग.”

तेही लिहून घेतलं आणि हात पुढं केला. ज्या तोंडानं मी शेकडो मुलांना शपथ दिली त्याच तोंडानं म्हणालो, “गिळू नका, थुंका.” पण सभ्य माणूस. सकाळपासून त्या चकचकीत भांड्यातही ज्यांना थुंकवलं नव्हतं, ते वेलीच्या मुळाशी काय थुंकणार! त्यांनी गिळलं. आधी उचकी लागली. मग घाम सुटला. चेहरा रोझेवरून सरळ चेनिनवर आला. बाकावर बसले, बसल्याचे आडवे झाले आणि द्राक्षाचे मांडव आपल्याभोवती फिरताहेत असं सांगू लागले.

डॉक्टरबाई धावत आल्या. नाडी धरली, डोळे पाहिले. “पाच घोटांत ही अवस्था! आजपासून वाइन बंद. कायमची.” मार्गदर्शक पांढराफटक पडून सांगत होता की, मॅडम, मद्यार्क बारा-तेरा टक्केच असतो. लिंबूपाणी आलं, पंखा आला. आमच्या बायकोची जुनी चादर उशाला गेली. गृहस्थांनी एक डोळा उघडून माझ्याकडं पाहिलं. तंबाखू खाल्ली, हे घरी कळण्यापेक्षा दारू चढली, हे परवडेल, असा हिशोब त्यांनी बँकेच्या शिस्तीनं मांडला असावा. त्यांनी डोळा मिटला. मीही वेलींकडं बघत एकरी उत्पन्नाचा विचार करू लागलो.

परतीच्या गाडीत सगळे गप्प. गृहस्थ मागच्या सीटवर निजलेले, डॉक्टरबाई त्यांच्या कपाळावर ओला रुमाल धरून वाइनधंद्याचा उद्धार करताहेत. आमची ही शेजारी बसली होती. वळणावर गाडी कलली, तशी ती गृहस्थांच्या चेहऱ्याकडं झुकली. एकदाच नाक ओढलं.

“ताई,” ती म्हणाली, “द्राक्षावर काहून राग काढता? ही वाइन न्हाई. निपाणी हाय. चुना जरा जास्त झालाय.”

सगळी गाडी वळून पाहू लागली. मी सदऱ्याचा खिसा हातानं झाकला, पण तिचं बोट आधीच तिथं येऊन पोचलं होतं.

“आन् ती खनिजाची झाक का काय म्हनत व्हते सकाळी, तिची आख्खी डबी हाय ह्या खिशात.”