बादलीतला बूट

दुकानातल्या पोराने माझ्यासमोर बूट बादलीत बुडवला. बादली अर्धी भरलेली, पाणी बुटाच्या काठाखाली दोन बोटं. मिनिटभर तसाच धरून तो म्हणाला, "काका, आता आत हात घाला." मी घातला. आत ठणठणीत कोरडं. मी लगेच साडेनऊ हजार मोजले. बुटाला वरच्या बाजूने एक भलंमोठं भोक असतं आणि त्यातूनच आपण पाय घालतो, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. पोराच्या आलं असावं, पण त्याला महिन्याचं टार्गेट असतं.

पायांच्या बाबतीत मी मुळात भित्रा माणूस. कारण चिखल्या. चिखल्या म्हणजे काय हे ज्यांना सांगावं लागतं, त्यांनी पावसाळा खिडकीतूनच पाहिला आहे. बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी पडते, मग सोलवटते, मग खाज सुटते. ती खाज अशी की, भर मीटिंगमध्ये माणूस टेबलाखाली बूट काढून एका पायाने दुसरा पाय खाजवतो आणि वर चेहऱ्याने तिमाही आकडे ऐकत असतो. म्हणून भाच्याने जुलैत राजमाचीला चलता का विचारलं, तेव्हा माझी एकच अट होती. पाय कोरडे राहिले पाहिजेत.

"मामा," भाचा म्हणाला, "मग एप्रिलमध्ये या."

मी ते मनावर घेतलं नाही. मी अभ्यास केला होता. १९६९ साली अमेरिकेत बॉब गोर यांनी एक प्लॅस्टिक तापवून हळूहळू ताणून पाहिलं. ते सारखं तुटत होतं. शेवटी वैतागून त्यांनी हिसका दिला, तर ते तुटायच्या ऐवजी लांबच लांब ताणलं गेलं आणि त्याला डोळ्यांना न दिसणारी अगणित छिद्रं पडली. प्लॅस्टिक म्हणजे तेच, जे नॉनस्टिक तव्यावर घावन चिकटू नये म्हणून लावलेलं असतं. छिद्रं एवढी बारीक, की पाण्याचा थेंब आत येत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाते. अशाच कुठल्याशा पडद्याचं अस्तर माझ्या बुटात होतं. फक्त एक बारीक अट होती, जी मी वाचूनही विसरलो. वाफ बाहेर जायला बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी असावी लागते. जुलैच्या लोणावळ्यात कोरडी हवा एकाच ठिकाणी असते, चिक्कीच्या बरणीत.

लोणावळा स्टेशनवरून आम्ही चौघं निघालो. भाचा, त्याचे दोन मित्र आणि मी. लोणावळ्याहून राजमाचीच्या पायथ्याचं उधेवाडी साधारण पंधरा किलोमीटर. वाट बरीचशी सपाट, चढाचा त्रास कमी, ओढ्यांचा जास्त. तिघांच्या पायांत अ‍ॅक्शनचे ट्रेकिंग शूज. सह्याद्रीत फिरणाऱ्यांचा हा जुना गणवेशच. माझे बूट बघून एक मित्र आदराने म्हणाला, "काका, वॉटरप्रूफ?" मी मान हलवली. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ मला दोन तासांनी कळला.

तुंगार्ली मागे पडलं आणि पावसाने जोर धरला. मी डबकी चुकवत चाललो होतो. उजवीकडचं डबकं आलं की डावीकडे, डावीकडचं आलं की बांधावर. पोरं सरळ मधून. त्या हिशेबाने ते पंधरा किलोमीटर चालले आणि मी अठरा. पण पाय कोरडे होते! अधूनमधून मी थांबून बुटात बोटं वळवून बघायचो आणि मनातल्या मनात त्या दुकानातल्या पोराला दुवा द्यायचो.

पहिला घात वरून झाला. पाऊस गुडघ्यावर पडला, नडगीवरून ओघळला, मोज्यात शिरला आणि मोज्याने त्याला मुकाट्याने खाली पोचवलं. मोजे सुती होते. सुती मोजा म्हणजे पायाला गुंडाळलेलं फरशी पुसायचं फडकं. एकदा भिजला की आठवडाभर तीच निष्ठा. धनगराची घोंगडी पावसात का चालते, तर लोकर भिजली तरी ऊब सोडत नाही. हे मला पाठ होतं. लोकरीचे मोजे घरी होते, कपाटात, डांबरगोळ्यांसकट. त्यांना पावसात कुठे न्यायचं, खराब होतील!

मग ओढा आला.

पाणी मातकट, गुडघ्याइतकं. पोरं थांबली, जरा वरखाली जाऊन पात्र रुंद आणि उथळ कुठे आहे ते पाहिलं, आणि एकमेकांचे हात धरून बुटांसकट पाण्यात उतरली. मी काठावर बसून नाड्या सोडू लागलो.

"मामा, बूट काढू नका," पलीकडून आवाज आला. "तळ दिसत नाहीये. दगडात पाय अडकला तर बोटं जातील."

बूट काढायचे नाहीत आणि भिजवायचेही नाहीत, म्हणजे उरले दगड. तीन दगड पाण्याच्या वर डोकं काढून होते. पहिल्यावर मी उभा राहिलो. दुसऱ्यावरही राहिलो. तिसऱ्यावर माझ्याआधी शेवाळ राहत होतं.

बूट खरोखरच वॉटरप्रूफ होते. एकदा आत गेलेला थेंब त्यांनी बाहेर जाऊ दिला नाही. अ‍ॅक्शनवाल्यांच्या बुटांतून पाणी दहा पावलांत फुसफुसत निघून गेलं. माझ्या दोन्ही पायांना एकेक विहीर लागली. पाऊल टाकलं की "फचक्", उचललं की "स्सुप्". या तालावर मी बाकीची वाट चाललो. मध्ये दोनदा बूट काढून उपडे केले. दुसऱ्यांदा उपडा करताना भाचा शांतपणे म्हणाला, "मामा, पाय ओले होणारच. बूट लवकर रिकामे झाले पाहिजेत, एवढंच बघायचं असतं." हे वाक्य साडेनऊ हजारांआधी सांगायला हवं होतं. पण मीच त्याला विचारलं नव्हतं.

समोरून एक बाई गवताचा भारा घेऊन येत होत्या. डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद, पायात भोकाभोकांचे प्लॅस्टिकचे सँडल. ओढ्यात शिरल्या तशा बाहेर आल्या, चालही मोडली नाही. मला इरलं आठवलं. भातलावणी करणाऱ्यांनी डोकं आणि पाठ झाकायला केवढं सुबक इरलं विणलं, पण पायांसाठी काही म्हणजे काहीच केलं नाही. पिढ्यान्‌पिढ्या चिखलात उभ्या राहिलेल्या माणसांनी जो प्रश्न सोडूनच दिला, तो मी दुकानात जाऊन सोडवला होता.

उधेवाडीत ज्यांच्याकडे उतरलो, त्या मावशी दारातच म्हणाल्या, "बूट भायेरच काढा, दादा." मोजे काढले तर खालून आजोबांचे पाय निघाले, पांढरेफटक, सुरकुतलेले. पाण्याने कातडी फुगते म्हणून सुरकुत्या पडतात असं आपण समजतो. खरं तर हा मज्जातंतूंचा उद्योग. ते आतल्या रक्तवाहिन्या आकसून घेतात आणि कातडी चुरगळते. ज्याच्या बोटाची नस तुटली आहे, त्याच्या त्या बोटाला पाण्यात सुरकुत्या पडत नाहीत. हे मी मावशींना सांगितलं. त्यांनी खोबरेल तेलाची बाटली पुढे सरकवली. "बेचक्यांत लावा. आधी नीट पुसा."

उपाय जुनाच. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या खंदकांत दिवसेंदिवस थंड पाण्यात उभे राहून सैनिकांचे पाय सडू लागले, तेव्हा ब्रिटिश सैन्यानेही हेच केलं. पाय पुसा, मोजे बदला, तेल चोळा. त्यांचं तेल देवमाशाचं होतं. खोबरेलावर आपली सुटका झाली, हे नशीब.

माझे बूट चुलीजवळ ठेवायला निघालो तर भाचा ओरडला, "सोल सुटेल!" आचेने डिंक सुटतो म्हणे. मग मावशींनी जुना पेपर दिला. त्याचे बोळे करून बुटात कोंबले, तासाने भिजलेले काढून नवे कोंबले. झोपण्याआधीच्या खेपेला राशिभविष्याचं पान हाती आलं. माझ्या राशीला प्रवास सुखाचा होता. ते पान मी डाव्या बुटात घातलं.

पिठलं, नाचणीची भाकरी आणि ठेचा झाल्यावर भाच्याने सॅकच्या तळातून एक पिशवी काढली. पिशवीत पिशवी, तिच्यात आणखी एक पिशवी, आणि आत कोरडे लोकरी मोजे. दोन जोड. एक मला दिला. ते पायात चढवले तेव्हा जे वाटलं, ते मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

"हे फक्त झोपायला," त्याने बजावलं. "सकाळी परत ओलेच घालायचे."

सकाळी मी ओल्या मोज्यांकडे पाहिलं. ते थंडगार, चिखलाचे, दोरीवर लोंबत होते. माणूस आयुष्यात बरंच काही सोसतो, पण पहाटे सहा वाजता ओला मोजा चढवणं वेगळं. तो अर्ध्यावर अडकतो, टाच धरत नाही, आणि थंडी पायातून थेट दातात जाते. मी हळूच कोरडे मोजेच ठेवले आणि वर ते ओले बूट घातले. चार मिनिटांत माझ्याकडे ओल्या मोज्यांचे दोन जोड झाले. भाचा काही बोलला नाही. त्याच्या आईवर गेलाय.

भैरवनाथाच्या देवळावरून राजमाचीच्या श्रीवर्धन बालेकिल्ल्यावर चढलो. समोर दुसरा बालेकिल्ला मनरंजन असतो, ढग होते. खाली उल्हासचं खोरं असतं, तिथेही ढगच. उतरलो.

परत लोणावळ्याला पोचल्यावर बाजारात भोकाभोकांचे प्लॅस्टिकचे सँडल घेतले. ट्रेकला नाही हो, भाचा म्हणतो त्यात घोटा मुरगळेल, आपल्याला त्या गवताचा भारा घेतलेल्या बाईंसारखं चालता येत नाही. घरी जाईपर्यंत पायाला वारा लागावा, एवढंच. चिखल्या झाल्याच.

बूट विकायचे आहेत. नऊ नंबर, एकदाच वापरलेले. बादलीतली परीक्षा घेऊन दाखवू. फक्त पंख्याखाली ठेवून पाच दिवस झाले तरी पुढची बोटं अजून ओली आहेत, त्यामुळे पुढच्या रविवारनंतरच यावं.