पुढची की मागची?

आषाढ जवळ आला की सोलापुरात आमच्यासारख्यांच्या भक्तीला उधाण येतं. शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला जाताना शहरात मुक्काम करते. तेव्हा मी रस्त्याच्या कडेला उभा राहून वारकऱ्यांना केळी वाटतो आणि प्रत्येक केळ्यामागं एक सल्ला देतो: पाणी पीत राहा, माउली, टाचा जपा. विदर्भातून पायी आलेला माणूस हे निमूट ऐकतो, वर माझ्याच पाया पडतो. अशानं माणूस बिघडतो. यंदा मी घरात जाहीर केलं, की एक दिवस तरी वारी चालणार.

"कोपऱ्यावरनं कोथिंबीर आणायला गाडी काढता तुम्ही," बायको म्हणाली.

या टोमण्यानंतर माघार शक्यच नव्हती. ज्ञानेश्वर माउलींच्या सोहळ्यातला माळशिरस ते वेळापूर हा टप्पा निवडला. वाट वीसेक किलोमीटरच्या आतली, आपल्याच जिल्ह्यातली, मध्ये खुडूसचं गोल रिंगण आणि शेवटी धावा. एका तिकिटात दोन खेळ. खरेदी मात्र हिमालयाची केली: कोरे बूट, पावलं मोजणारं घड्याळ, रेनकोट, तऱ्हेतऱ्हेची मलमं आणि मानेत अडकवायची फुगीर उशी. चालताना उशी कशाला, हे दुकानदारानं विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही.

माळशिरसला पहाटे ही सगळी बॅग खांद्यावर घेतली आणि विठ्ठल आठवला. एका दिंडीचा ट्रक सामान भरून निघायच्या बेतात होता. ड्रायव्हरला हात जोडले. "टाका वर. वेळापूरला तळावर घ्या. दिंडीचा नंबर तेवढा ध्यानात ठेवा, माउली." मी ठेवला. कागदावर नव्हे, डोक्यात.

मोकळ्या खांद्यानं मी समोर दिसली त्या दिंडीत घुसलो. पुढं पताकावाले, मग टाळकऱ्यांच्या रांगा, मृदंग, वीणेकरी, मागं तुळशी घेतलेल्या बायका. सोहळ्याची ही शिस्त हैबतबाबा आरफळकरांनी घालून दिली. बाबा मूळचे शिंद्यांच्या पदरी असलेले सरदार, त्यामुळं भजनाच्या चालण्यातही फौजेची रांग आली. मी त्या रांगेत रिकाम्या हातानं शिरून टाळ्या वाजवू लागलो. टाळ एका ठेक्यात, मी दुसऱ्या. शेजारचे टाळकरी दोनदा चुकले. मग एका बुवांनी माझा दंड हलकेच धरून मला रांगेबाहेर ठेवलं. "माउली, टाळ नसंल तर मागनं चाला." मागं चालत गेलो, आणखी मागं गेलो, आणि पाहता पाहता भलत्याच दिंडीत पोचलो.

खुडूसला रिंगणात माउलींचा अश्व धावला, असं मला सांगण्यात आलं. माझ्यापुढं उंच फेटेवाले होते, त्यामुळं मला फेटेच दिसले. अश्व गेल्यावर टापांखालची माती कपाळाला लावायला मीही वाकलो, आणि वाकलेलाच राहिलो. कंबरेनं संप पुकारला होता. उठवायला आलेल्या पैलवानी थाटाच्या गृहस्थांनी मला उभं केलं आणि त्याच झोकात फुगडीला ओढलं. चार गिरक्या झाल्या तोच मनगटावरचं घड्याळ थरथरू लागलं. तुम्ही पडलात का, कुणाला कळवू का, असं ते विचारत होतं. पाय जमिनीवर नव्हते, त्यामुळं उत्तर देता आलं नाही.

एव्हाना कोऱ्या बुटांनी दोन्ही टाचा सोलल्या होत्या. मलमं ट्रकमध्ये, ट्रक वेळापुरात. बांधावर बसलो तर शेजारी परभणीकडच्या एक आजी. त्यांनी पायातल्या झिजक्या चपला काढल्या, फडकं सोडलं, कडक भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर शेंगांची चटणी ठेवून माझ्यापुढं धरला.

"कुठले तुमी?"

"सोलापूरचा."

"मंग घरचंच हाय की. चटणी तुमच्याकडचीच घेतली. चालताना दुसरं काही टिकत नाही बगा."

सोलापूरचा माणूस फुगीर उशी घेऊन निघाला होता, आणि सोलापूरची शिदोरी परभणीच्या फडक्यात होती. मी भाकरी खाल्ली. सल्ला एकही दिला नाही.

वेळापूरच्या अलीकडं उतार लागतो. तुकोबांना इथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा आहे. म्हणून इथं सगळेच धावतात. मी कडेला उभं राहून पाहायचं ठरवलं होतं, पण मागून लोंढा आला आणि विचार बदलायलाही सवड मिळाली नाही. आजी तुळस सावरत माझ्या डावीकडून पुढं गेल्या. माझा उजवा बूट उतारावरच राहिला. मला कळस दिसला नाही; काजवे दिसले.

तळावर लंगडत पोचलो आणि नंबर सांगून ट्रकची चौकशी केली.

"रथापुढची की रथामागची?"

दिंड्यांचे नंबर दोन असतात, हे तिथं कळलं. माउलींच्या पालखीच्या रथापुढच्या दिंड्या एकपासून, मागच्याही पुन्हा एकपासून. पुढच्या दिंडीचा ट्रक तळाच्या एका टोकाला निघाला, मागच्या दिंडीचा दुसऱ्या. दोन्हीकडं जाऊन आलो, एका बुटावर. बॅग कुठंच नव्हती. एका दिंडीतल्या बायकांनी मला चुलीजवळ बसवलं आणि पुढ्यात लसणाची रास ओतली. दिवसभरात मला जमलेलं हे पहिलं काम.

संध्याकाळी समाजआरतीला चोपदारांनी दंड उंचावला आणि एवढा अफाट तळ एका क्षणात चिडीचूप झाला. तक्रार असेल त्या दिंडीनं तेवढं टाळ वाजवत राहायचं, ही इथली रीत. माझ्याकडं तक्रार होती, टाळ नव्हता. मग हरवल्या-सापडल्या वस्तूंची नावं सुरू झाली. एक निळी बॅग सापडली आहे, वर मानेची उशी बांधलेली आहे, कुणाची असेल त्यानं ओळख पटवून घेऊन जावी. त्या शांततेत "माझी!" म्हणून ओरडणं भाग होतं. हजारो माना वळल्या. त्या वेळी ती उशी तोंडावर घ्यायला फार उपयोगी पडली असती.

तेव्हा, पुढच्या आषाढात निघणार असाल तर दिंडीत आधी नाव नोंदवा आणि नंबर लिहून घ्या, पुढची की मागची यासकट. बूट जुनेच घाला. बरोबर कडक भाकरी आणि शेंगाचटणी असू द्या. चालणं जमलंच नाही तर लाजू नका, लसूण सोलायला हात कमीच पडतात.