मिसेस पॉटर येण्याआधी

रे कूनी आणि त्याचा मुलगा मायकेल यांनी मिळून लिहिलेला ‘टॉम, डिक अँड हॅरी’ हा फार्स लंडनमधल्या एका घरात घडतो. टॉम आणि लिंडाला मूल दत्तक घ्यायचंय, संस्थेच्या मिसेस पॉटर घर बघायला येणार आहेत. नेमका तेव्हाच एक भाऊ टॉमच्या व्हॅनमधून चोरटी ब्रँडी, सिगारेटी आणि (हे त्याच्याही गावी नाही) बेकायदा आलेली परदेशी माणसं घेऊन उगवतो. दुसरा इस्पितळात कामाला. तो पिशवीत मृतदेहाचे तुकडेच घेऊन हजर! ते बागेत पुरले की घराची किंमत पडेल आणि टॉमला ते स्वस्तात मिळेल, हा त्याचा हिशेब. बंधुप्रेम म्हणतात ते हेच असावं.

असल्या घरात मूल देऊ नये, हे मिसेस पॉटरना सांगायला नकोच. पण हे दोन दिवटे ज्या घरात वाढले, तिथे कुणी वही घेऊन आलं होतं का? मिळकत, स्वभाव, गोतावळा यांची झडती फक्त त्यांची, जे आधी विचार करून, रीतसर अर्ज भरून मूल मागतात. बाकीच्यांच्या घरी पाळणा हलला की शेजारी पेढे मागतात, पगाराची पावती नाही.