आत्मविकास, मोबाइल उभा धरून

माणसानं सुधारलं पाहिजे, याबद्दल आमच्या आंजर्ले गावात दुमत नाही. वाद आहे तो आधी कोणी, एवढाच. त्यामुळे पुण्याहून आलेल्या भाच्यानं 'आत्मविकासाची कार्यवही' काढल्याचं सांगितलं, तेव्हा ओटीवरचा प्रत्येक जण ती शेजाऱ्याला भेट द्यायला तयार झाला. स्वतःसाठी कोणी मागितली नाही.

वही वाईट नाही. कागद जाड, प्रश्न मोजके, उत्तराला जागा ऐसपैस. बाराव्या पानावर सूचना आहे : 'रोज एक तास मोबाइल नजरेआड ठेवा.' हे बारावं पान जगापर्यंत पोचावं म्हणून भाचा उजाडल्यापासून मोबाइल नजरेसमोर धरून आगरात हिंडतो.

"मामा, पुस्तक आता पुस्तकामुळं खपत नाही, रीलमुळं खपतं," त्यानं मला समजावलं. नवशिक्यांसाठी शास्त्र तसं सोपं आहे. मोबाइल उभा धरायचा. खिडकीकडे तोंड करून बसायचं, म्हणजे उजेड फुकट मिळतो. माइक गळ्याशी लावायचा, नाहीतर समुद्रच बोलतो. एका रीलमध्ये एकच मुद्दा. खाली अक्षरं हवीत, कारण लोक आवाज बंद करून बघतात (कीर्तनकारांनी नोंद घ्यावी). आणि पहिल्या तीन सेकंदांत बघणाऱ्याच्या गळ्यात गळ अडकला पाहिजे.

हे शेवटचं शिकायला पुण्याला जायची गरज नव्हती. खाडी ओलांडली की हर्णै. संध्याकाळी तिथं मासळीचा लिलाव पुकारतात. वाळूत वाटे मांडलेले, बैलगाड्या पाण्यात, आणि पुकारणाऱ्याला तीन सेकंद म्हणजे चैन. पण एक फरक आहे. तिथं सुरमई पुढं असते आणि विकणारा मागं. आमच्या रीलमध्ये भाचा पुढं, त्याच्या मागं कड्यावरचा गणपती, आणि वही कुठं आहे ते शेवटच्या सेकंदाला कळतं. गणपतीचं देऊळ पूर्वी खाली किनाऱ्यावर होतं, समुद्र आत आला तेव्हा देव डोंगरावर गेला आणि वाटेत त्याचं पाऊल खडकावर उमटलं, अशी आख्यायिका आहे. भाच्यानं त्या पावलाशेजारी उभं राहून 'पहिलं पाऊल उचला' असं रील केलं. उजव्या सोंडेचा कडक देव. पण त्यानंही हे चालवून घेतलं.

आत्मविकासाची वही ही काही पुण्याची निर्मिती नव्हे. अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिननं अठराव्या शतकात ती स्वतः आखली होती. तेरा सद्गुण, प्रत्येकाला एक पान, पानावर आठवड्याचे सात रकाने, आणि चुकलं की काळा ठिपका. सर्वांत जास्त छळलं ते व्यवस्थितपणानं, हे त्यानं आत्मचरित्रात कबूल केलंय. आज असता तर पहिल्याच सोमवारी त्याचं रील आलं असतं : 'तेरापैकी तिसरा सद्गुण ऐकून थक्क व्हाल!' मग ठिपके द्यायला वेळ कुठला?

त्याहून गैरसोयीचं उदाहरण हर्णैच्या पुढच्याच गावचं. मुरूडचे धोंडो केशव ऊर्फ अण्णा कर्वे सतराव्या वर्षी परीक्षेसाठी साताऱ्याला चालत गेले, घाट चढून, शंभरावर मैल. तिथल्या साहेबाला पोरगा वयानं लहान दिसला, म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही. आले परत. केवढा मजकूर! निघताना एक रील, घाटात एक, नकार मिळाल्यावर डोळे पुसतानाचं एक. अण्णांनी हे सगळं 'आत्मवृत्ता'त छापलं ते १९१५ साली, म्हणजे चाळीसेक वर्षांनी. मधल्या काळात त्यांनी हिंगण्याला आश्रम काढला, शाळा चालवल्या आणि वर्गणीसाठी वणवण केली. "पोस्टिंगमध्ये सातत्य नाही," भाचा म्हणाला.

या रीलच्या विद्येत आंजर्लं मागं पडलं, त्याला कारण आहे. ३ जून २०२० ला 'निसर्ग' वादळानं नारळी-पोफळी आडव्या केल्या. त्याच महिन्याच्या २९ तारखेला टिकटॉकवर बंदी आली आणि जुलैत इन्स्टाग्रामनं रील्स आणली. देश उभा मोबाइल धरायला शिकत होता तेव्हा आम्ही पडलेली पोफळ उचलत होतो, आणि मोबाइल चार्ज करायला वीज नव्हती. पोफळ लावली की फळाला पाच-सात वर्षं जातात. 'एकवीस दिवसांत नवं आयुष्य' हे प्रकरण इथं कोणी गंभीरपणे घेत नाही ते त्यामुळेच.

शिमग्याच्या आगेमागे कासवांची पिल्लं निघतात, तेव्हा भाच्यानं गोल दिवा घेऊन किनारा गाठला. ऑलिव्ह रिडलेचं अंडं पन्नासेक दिवस वाळूखाली गप्प असतं, मग पिल्लू निघतं ते उजेडाच्या दिशेनं. समुद्राकडचं क्षितिज उजळ, म्हणून समुद्राकडे. कोणी दिवा लावला की पिल्लू त्यालाच समुद्र समजतं. कासवमित्रानं हे सांगून दिवा विझवायला लावला. भाचा खिन्न व्हावा, तर उलट खूश. "म्हणजे फॉलोअर कसे मिळतात ते यांना जन्मतःच कळतं!" माझ्या मते त्याला ते अर्धंच कळलं होतं.

अखेर रील चाललं. मामीनं न विचारता चौकटीत शिरून "अरे, सुपारी वाळत घातल्येय, पाय काढ!" म्हटलं, तेच. लोकांनी भरभरून विचारणा केली. सुपारीची.

वही गावात खपली ती एकच, तात्यांना. त्यांनी कृतज्ञतेचं पान कोरं सोडून थेट 'मी कोणाकोणाला क्षमा करणार आहे?' इथं पेन टेकवलं. खाली पाच ओळी होत्या. तात्यांचे चुलतभाऊच सात, आणि हिश्शाचा दावा दापोलीच्या कोर्टात. दुसऱ्या दिवशी ते वही घेऊन आले.

"पुरवणी मिळेल का रे?"

"देतो ना, तात्या. एवढ्या सगळ्यांना क्षमा करणार?"

"छे! नावं आधी लिहून ठेवतो. क्षमेचं निकालानंतर बघू."

भाच्यानं खिशातून मोबाइल काढला आणि उभा धरला. "तात्या, हे वाक्य परत एकदा म्हणाल? खिडकीकडे तोंड करून?"