मॅक्रोभाऊ

प्रत्येक हापिसात एक मॅक्रोभाऊ असतो. आमचे अकाउंट्सला बसतात. "गाढव काम करतं, माणूस करवून घेतो," हे ते सकाळच्या चहाला एकदा सांगतात आणि दुपारच्या चहाला पुन्हा.

माणसाऐवजी कीबोर्डची बटणं दाबणारं ऑटोहॉटकी नावाचं फुकट सॉफ्टवेअर 2003 साली आलं. भाऊंच्या लेखी त्यानंतर जगात विशेष काही घडलेलं नाही. पूर्वी खरेदीची बिलं आमच्या जुनाट प्रणालीत भरायला त्यांना दोन दिवस लागत. आता ऑटोहॉटकीची स्क्रिप्ट भरते. टॅब, टॅब, रक्कम, एंटर. तीन तासांत खेळ खलास.

त्या तीन तासांत भाऊंनी खरं तर पाय मोकळे करावेत. पण ते खुर्चीला चिकटून बसतात, कोंबडी अंड्यावर बसावी तसे. कारण स्क्रीन लॉक झाली की स्क्रिप्टची बोटं गळतात.

"लॉक म्हणजे पडदा नव्हे हो," भाऊ समजावतात. "पडद्यामागे नाटक चालू राहिलं असतं. हा फिरता रंगमंच, 'तो मी नव्हेच'सारखा! विंडोज आपला डेस्कटॉप मागे फिरवतं आणि पासवर्डचा दुसराच पुढे आणतं. बटणं ऐकू जातात ती पुढच्याला. आणि पुढच्याला स्क्रिप्टची बोटं चालत नाहीत, नाहीतर कुणीही पासवर्डाशी चाळा केला असता." एक्सेलमधली नुसती आकडेमोड लॉकमागेही बिनबोभाट चालते. अडतं ते बटणं दाबण्याचं.

नव्या ट्रेनी पोरानं एकदा सुचवलं, "काका, टास्क शेड्यूलरला सांगा ना, यूजर असो-नसो चालव म्हणून."

"चालेल की! पण व्हिस्टापासून तसली कामं सेशन शून्यात जातात. तिथं खिडकी उघडते, बघायला कुणी नाही. भुताच्या वाड्यात कारकुनी!" पोरगं पुन्हा त्या टेबलाकडे फिरकलं नाही.

आमची प्रणाली मधेच 'कृपया थांबा' म्हणून पंधरा मिनिटं डुलकी काढते आणि आयटीचा नियम दहा मिनिटांत लॉकचा. भाऊंनी त्यावर तोड काढली. सासऱ्यांनी लग्नात दिलेलं एचएमटीचं घड्याळ टेबलावर उताणं आणि त्यावर ऑप्टिकल माउस. सेकंदकाटा खालून फिरला की माउसला वाटतं, आपणच हललो. "स्क्रिप्टलाच माउस हलवायला लावा की," मी म्हटलं. "ते आयटीला कळतं. एचएमटी कळत नाही."

परवा 19 तारीख. दुसऱ्या दिवशी जीएसटीचं थ्री-बी रिटर्न भरायचं. भाऊंनी स्क्रिप्ट सुरू केली तोच साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. तेवढ्यात आयटीचा माणूस फेरीवर आला, रिकामी खुर्ची बघितली आणि नियमाप्रमाणे विंडोज-एल दाबून, स्क्रीन लॉक करून पुढे गेला. घड्याळ काय करणार? स्क्रिप्ट तीन तास शून्यात बिलं भरत राहिली.

भाऊंनी परत येऊन पासवर्ड टाकला. समोर त्यांनीच हौसेनं लिहून ठेवलेली चौकट: '412 बिलं भरली. शाबास, भाऊ!' मागे पहिल्याच बिलाचा रिकामा रकाना आणि त्यात लुकलुकणारा कर्सर.

रात्री भाऊ हातानं भरत होते. टॅब, टॅब, रक्कम, एंटर. मान वर न करता त्यांनी विचारलं, "किती वाजले हो?"

घड्याळ अजून माउसखालीच होतं.