चिवट ओट्स कुकी : गृहस्थांसाठी शास्त्रोक्त मार्गदर्शिका

१. व्याख्या

ओट्स कुकी म्हणजे बटर, साखर, मैदा आणि ओट्स यांचा ओव्हनमध्ये भाजलेला गोड पदार्थ. यातील पहिल्या तीन घटकांची नैतिक जबाबदारी चौथा घटक घेतो. कुकीचे दोन वर्ग आहेत : कुरकुरीत आणि चिवट. कुरकुरीत कुकी मोडते. चिवट कुकी आधी वाकते, मग तुटते आणि खाणाऱ्याला थोडा वेळ गप्प ठेवते. प्रस्तुत मार्गदर्शिका दुसऱ्या वर्गापुरती मर्यादित आहे.

महाराष्ट्रात या वर्गापुढे एक मूलभूत अडचण आहे. खारी, टोस्ट आणि नानखटाईवर वाढलेल्या घरात बिस्किटाची परीक्षा आवाजावर होते. आवाज न करणारे बिस्किट सादळलेले समजले जाते आणि ते कोणीतरी मुकाट्याने संपवायचे असते. त्यामुळे चिवट कुकी करणाऱ्याला दोन कामे करावी लागतात : पदार्थ पुरता भाजला जाण्याआधी थांबणे, आणि हे थांबणे मुद्दामच होते हे घराला पटवणे. पैकी पहिले काम सुमारे अकरा मिनिटांचे आहे.

२. पूर्वपीठिका

ओट हे थंड, ओलसर हवेचे धान्य. स्कॉटलंडमध्ये त्याची लापशी आणि तव्यावरच्या जाड चकत्या शतकानुशतके खाल्ल्या जात. कुकी म्हणून त्याची भरभराट अमेरिकेत झाली. फॅनी फार्मर यांच्या १८९६ च्या पाकपुस्तकात ओट्स कुकी आढळते, आणि १९०८ मध्ये क्वेकर ओट्सच्या डब्यावर तिची कृती छापली गेली. ज्याला ओट्स खपवायचे आहेत त्याने सोबत बटर आणि साखर सुचवावी, हा व्यवहार तेव्हापासून सिद्ध आहे.

भारतात ओट मुख्यतः हिरव्या चाऱ्यासाठी घेतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘फुले हरिता’ हा वाणही चाऱ्याचाच. गुरे तो विनातक्रार खातात. माणसांच्या घरात ओट्स बहुधा कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट आल्यावर प्रवेश करतात. पहिला आठवडा निष्ठेने लापशी होते. त्यानंतर पाकिटाला रबर लागते आणि ते फडताळात एकेक डबा मागे सरकत जाते. मराठी घरातील ओट्स कुकीचा उगम या रबर लावलेल्या पाकिटात आहे.

३. साहित्य (सुमारे १८ कुक्यांसाठी)

बटर १०० ग्रॅम, ब्राऊन शुगर किंवा किसलेला गूळ १०० ग्रॅम, साखर ४० ग्रॅम, अंडे १, मैदा ९० ग्रॅम, ओट्स १३० ग्रॅम, बेदाणे ७५ ग्रॅम, खाण्याचा सोडा अर्धा चमचा, दालचिनीपूड अर्धा चमचा. बटर खारे असल्यास मीठ घालू नये.

ओट्स : चपटे केलेले अख्खे ओट्स सर्वोत्तम, कारण त्यांचा दाणा कुकीत टिकतो आणि चावायला काहीतरी राहते. झटपट शिजणारे बारीक ओट्स चालतात. कुकी थोडी गुळगुळीत होते. मसाला ओट्स चालत नाहीत. पाकीट उरलेले आहे, हे त्यासाठी पुरेसे कारण नाही.

गोडवा : चिवटपणाचे खरे कारण ओट्स नसून ओलावा आहे, आणि तो धरून ठेवण्याचे काम काकवीचा अंश असलेली साखर करते. पांढऱ्या साखरेने कुकी पसरते आणि कडक होते. आपल्याकडे ब्राऊन शुगर म्हणून पुष्कळदा कोरडे तपकिरी दाणे मिळतात. त्यांच्यापेक्षा मऊ कोल्हापुरी गूळ किसून घेणे बरे. गुळाचा खडा राहिल्यास तो ज्याच्या वाट्याला येईल त्याने नशीब मानावे.

बटर : यात सुमारे १६ टक्के पाणी असते, साजूक तुपात जवळपास नसतेच. त्यामुळे तुपात केलेली कुकी खुसखुशीत होते, म्हणजे तिची नानखटाई होते. ती सर्वजण आनंदाने खातात. प्रस्तुत मार्गदर्शिकेच्या दृष्टीने हे अपयश होय.

अंडे : ते पाणी पुरवते आणि मिश्रण बांधते. ज्या घरात अंडे चालत नाही, किंवा श्रावण सुरू असल्याने या महिन्यात चालत नाही, तेथे एक मोठा चमचा जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटे भिजवावी. तयार होणारा बुळबुळीत लगदा अंड्याचे काम बऱ्यापैकी करतो. दही घातल्यास त्याचा आंबटपणा सोड्याला चेतवतो आणि कुकी केककडे झुकते. कुकी उपवासाला चालते का, हा प्रश्न दरवेळी विचारला जातो. चालत नाही.

बेदाणे : सांगली-तासगावकडचे उत्तम. कोमट पाण्यात दहा मिनिटे भिजवून कोरडे पुसून घ्यावेत. न भिजवलेले बेदाणे कुकीतला ओलावा शोषतात आणि वर आलेले करपतात.

४. कृती

बटर मंद आचेवर वितळवून कोमट होऊ द्यावे. त्यात गूळ व साखर घालून ढवळावे, मग अंडे घालून मिश्रण एकजीव करावे. येथे फेटण्याचा उत्साह आवरावा. फेटल्याने हवा भरते आणि कुकी फुगून मऊ होते. चिवटपणाला हवेचा उपयोग नाही.

मैदा, सोडा आणि दालचिनी एकत्र चाळून घालावी. मैदा दिसेनासा झाला की ओट्स आणि बेदाणे मिसळावेत. मिश्रण या वेळी सैल वाटते. ‘पातळ झालंय, थोडी कणीक घाल’ असा सल्ला स्वयंपाकघराच्या दारातून येईल. त्याबद्दल आभार मानावेत आणि भांडे झाकून फ्रीजमध्ये ठेवावे.

फ्रीजमधला एक तास हा कृतीचा अनिवार्य भाग आहे. या तासात ओट्स पाणी पितात, बटर घट्ट होते आणि सल्ला देणारे दुसऱ्या खोलीत जातात. एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा ओट्यावर ठेवलेले बटर आपोआप वितळते, हा टप्पा गाळल्यास १८ कुक्यांऐवजी ट्रेच्या आकाराची एकच कुकी मिळते.

५. भाजणे

ओटीजी १८० अंशांवर, वरचा व खालचा असे दोन्ही रॉड लावून, दहा मिनिटे आधी तापवावा. त्यात ठेवलेली भांडी, पोळ्यांचा डबा आणि मागच्या दिवाळीतील शंकरपाळ्यांचा ट्रे त्यापूर्वी बाहेर काढावेत. ओटीजीच्या बटणावरील आकडा आणि आतील तापमान यांचे संबंध प्रत्येक घरी वेगळे असतात. म्हणून पहिल्या खेपेस दोनच कुक्या भाजून पाहाव्यात.

लिंबाएवढे गोळे बटर पेपरवर दोन-दोन इंच अंतराने ठेवून किंचित दाबावेत आणि ट्रे मधल्या खाचेत सरकवावा. भाजण्याचा काळ दहा ते बारा मिनिटे. कडा सोनेरी झाल्या आणि मधला भाग अजून ओलसर, न शिजल्यासारखा दिसत असला, की ट्रे बाहेर काढावा.

संपूर्ण कृतीतील निर्णायक क्षण हाच. या क्षणी घरातील ज्येष्ठ सदस्य ट्रेमध्ये डोकावून म्हणतात, ‘अगं, कच्च्या आहेत. अजून दोन मिनिटं ठेव.’ या दोन मिनिटांत उरलेला ओलावा उडतो आणि कुकी कायमची कुरकुरीत वर्गात जाते. वस्तुस्थिती अशी की कुकी बाहेर आल्यावरही तापलेल्या ट्रेवर शिजत राहते. वडी थापताना सैल वाटणारे मिश्रण जसे निवताना धरते, तसेच येथे होते. म्हणून कुक्या दहा मिनिटे ट्रेवरच राहू द्याव्यात. लगेच उचलल्यास मोडतात. या दहा मिनिटांत त्या कच्च्या नाहीत हे समजावून सांगण्याचा प्रयत्न करू नये. त्याचा निकाल आपोआप लागतो.

६. दोष आणि निदान

फार पसरल्या : मिश्रण गरम होते किंवा साखर जास्त झाली. उरलेले गोळे पुन्हा थंड करावेत.

अजिबात पसरल्या नाहीत : कोणीतरी कणीक घातली आहे. चौकशीतून सहसा काही निष्पन्न होत नाही.

तळ करपला, वर फिकट : ट्रे खालच्या खाचेत होता. एक खाच वर घ्यावा.

साबणासारखी चव : सोडा जास्त झाला. अर्धा चमचा म्हणजे सपाट अर्धा चमचा.

पूर्ण निवाल्यावरही मध्यभाग खरोखर कच्चा : ज्येष्ठ सदस्यांचे बरोबर होते. पुढच्या खेपेस एक मिनिट वाढवावे आणि त्याची वाच्यता करू नये.

७. साठवण

कुक्या पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भराव्यात. हिवाळ्यात सोबत पावाचा एक तुकडा ठेवावा. त्याचा ओलावा कुक्या घेतात, तुकडा कडक होतो आणि त्या चार-पाच दिवस चिवट राहतात. पावसाळ्यात मुंबई-कोकणात हे काम हवा विनामूल्य करते. न भाजलेले गोळे डीप फ्रीजमध्ये महिनाभर टिकतात; ते थेट भाजावेत आणि दोन मिनिटे अधिक द्यावीत.

८. मात्रा

ओट्समध्ये बीटा-ग्लुकान हा विद्राव्य तंतू असतो. दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकान पोटात गेल्यास हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो, अशा अर्थाचा मजकूर ओट्सच्या पाकिटांवर छापण्यास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये परवानगी दिली. त्यास एक अट होती : एकूण आहारात संपृक्त स्निग्धांश कमी असावा.

ओट्समधील बीटा-ग्लुकान साधारण ४ टक्के धरल्यास वरील १३० ग्रॅममध्ये ते सुमारे ५ ग्रॅम भरते. १८ कुक्यांत विभागल्यास प्रत्येकीच्या वाट्याला ०.३ ग्रॅमही पुरते येत नाही. म्हणजे शिफारस केलेली मात्रा गाठण्यासाठी रोज किमान अकरा कुक्या खाव्या लागतील. त्यांच्यासोबत सुमारे ८६ ग्रॅम साखर-गूळ आणि ६१ ग्रॅम बटर पोटात जाईल, आणि वरील अट पहिल्याच दिवशी मोडेल.

यावरून असा निष्कर्ष निघतो की कोलेस्टेरॉलच्या उपचारासाठी ओट्सची लापशी करावी, आणि कुकी खाण्यासाठी कुकी करावी. प्रौढ व्यक्तीस एका वेळी दोन पुरतात. तिसरी घेताना ‘ओट्सच्याच तर आहेत’ असे म्हणण्याची प्रथा सर्वत्र आढळते; तिला शास्त्राधार नाही.