दोन लाखांत नऊ माणसं

परदेशातल्या सुखी कुटुंबाकडे स्टेशन वॅगन नावाची गाडी असते. पुढून मोटार, मागून लांबच लांब डिकी. पुढं नवरा-बायको, मधे दोन मुलं, आणि डिकीत सुट्टीचं सामान नि एक कुत्रा, तोही ऐसपैस. ही जात आपल्याकडेही आणून पाहिली. टाटांनी १९९२ साली इस्टेट काढली, पुढे मारुतीने बलेनो आल्टुरा आणली, २००४ मध्ये पुन्हा टाटांनी इंडिगो मरिना. गाड्या वाईट नव्हत्या. पण एवढी मोकळी डिकी दिसली की आपला माणूस पहिलं विचारतो, "इथं एक सीट का नाय टाकली?" कंपन्यांकडे याचं उत्तर नव्हतं.

नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर, नंबरप्लेटवर मात्र एमएच १६ आणि श्रीरामपूरकडे १७, ते कायम) हा प्रश्न जरा जास्तच टोकदार होतो. १९७२ साली लुना आली. ती काढणाऱ्या कायनेटिकचा कारखाना नगरचाच. नवरा, मागे बायको, पुढं उभं केलेलं पोरगं आणि हँडलला दुधाची किटली असा प्रवास लुनावर केलेल्या पिढीला आता चारचाकी घ्यायचीय. कंपनीच्या माहितीपत्रकात 'आसनक्षमता' म्हणून जो आकडा छापतात, तो ही पिढी सुरुवातीची बोली समजते.

पुढच्या पायऱ्या दोन लाखांचं बजेट असलेल्या नवशिक्यांसाठी आहेत. बजेट अडीचवर जाणारच आहे; घरी आत्ताच सांगू नये.

पायरी पहिली : माणसं मोजा

तुम्ही, मंडळी, दोन मुलं, आई, आबा. सहा झाले. मोहटादेवीला जायचं तर आत्याला कसं वगळणार? आत्या आली की तिची सून आली, सुनेच्या मांडीवरचं आलं. नऊ. या आकड्याला पुरेल अशी गाडी शोधायची, असं घरात ठरतं.

मग नावं निघतात. ओमनी स्वस्त, कुठेही दुरुस्त होणारी, पण इंजिन पुढच्या सीटखाली असल्यामुळे मे महिन्यात शेवगावपर्यंत जाताना ड्रायव्हरला खालून शेक मिळतो. शिवाय ती २०१९ पासून बंद. तिची धाकटी बहीण इको २०१० पासून आहे. पेट्रोल बऱ्यापैकी पिते, तक्रार करत नाही. सुमो १९९४ ची. टाटा मोटर्सच्या सुमंत मुळगावकरांच्या नावावरून नाव पडलं, तीही २०१९ ला थांबली, तरी तिचा पार्ट मिळणार नाही असा तालुका आपल्या जिल्ह्यात नाही. तवेरा मोहात पाडते, कारण शेवरोलेने २०१७ मध्ये भारतात विक्री बंद केल्यापासून तिचा भाव पडलेला असतो. तो का पडलाय हे पहिल्यांदा पार्ट शोधायला निघाल्यावर कळतं. बोलेरो सगळ्यांनाच हवी असते, म्हणून दोन लाखांत जी मिळते ती बोलेरोची आठवण असते. अर्टिगा २०१२ ची. त्यातल्या त्यात माणसात बसवणारी, फक्त तिसऱ्या ओळीत कोण बसणार यावरून सासू-सुनेत तह करावा लागतो.

खरं विचाराल तर नऊ माणसं वर्षातून दोनदा बसतात. एरवी तुम्ही एकटे नाहीतर दोघं, आणि मागे कांद्याच्या चार गोण्या. पाच जणांची धडधाकट गाडी घ्यावी आणि मोहटादेवीला भाड्याची क्रूझर करावी, हे सगळ्यात स्वस्त पडतं. हा सल्ला घरात मांडून पाहा. मग पुढच्या पायरीवर या.

पायरी दुसरी

ही पायरी दाजींनी रद्द केली आहे. त्यांच्या ओळखीतला एक माणूस आहे.

पायरी तिसरी : जाहिरात वाचायला शिका

दाजींच्या ओळखीतला माणूस व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवतो. गाडी नुकतीच धुतलेली, टायरला काळं पॉलिश, मागे कुणाचं तरी नवं बांधकाम. खाली मजकूर. त्याचा अर्थ असा लावावा :

'डॉक्टर हँड' म्हणजे मधल्या एखाद्या मालकाला कधीतरी डॉक्टरकडे नेलं होतं. नगरला लष्कराची मोठी छावणी असल्यामुळे इथं 'मिलिटरी ऑफिसर हँड' असाही प्रकार मिळतो. त्याला दहा हजार जास्त मागतात. 'सिंगल ओनर' म्हणजे कागदावर एकच नाव. गाडी किती जणांनी वापरली हा वेगळा विषय. 'एक रुपयाचं काम नाही' हे अगदी खरं असतं, काम हजारांत असतं. 'टायर ८० टक्के' यातले उरलेले २० टक्के कुठल्या टायरचे ते विचारून घ्यावं. 'बैठकीत कमी-जास्त होईल' याचा अर्थ चहा तुम्ही पाजायचा. 'टाइमपासवाल्यांनी फोन करू नये' असं जो लिहितो तो पहिल्या रिंगला फोन उचलतो.

'पुणे पासिंग' या दोन शब्दांवर आपली माणसं भाळतात. एमएच १२ म्हणजे गुळगुळीत रस्त्यावर चाललेली गाडी, अशी समजूत. ट्रॅफिकमध्ये पहिल्या-दुसऱ्या गिअरवर क्लच घासत आठ वर्षं काढलेल्या गाडीपेक्षा जामखेडहून रोज नगरला येणारी गाडी कधीकधी निरोगी असते. पण जामखेडचं कौतुक जाहिरातीत कुणी करत नाही.

आणखी एक जात ओळखून ठेवा. शिर्डी ते शनिशिंगणापूर सत्तरेक किलोमीटर. या रस्त्यावर भाविकांना घेऊन दिवसाला दोन-तीन फेऱ्या मारलेल्या गाड्या पुढे पिवळी पाटी काढून पांढरी लावतात आणि 'घरगुती वापर' म्हणून बाजारात येतात. ड्रायव्हरच्या सीटचा बाहेरचा काठ बसलेला, क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत, आणि मीटरवर ५८ हजार किलोमीटर. एवढं पुण्य एवढ्या कमी किलोमीटरमध्ये होत नसतं. मीटर मागे घेता येतो. पेडलचं रबर कुणी बदललंच तर ते इतकं नवं दिसतं की त्यावरूनच ओळखावं.

पायरी चौथी : जाणकार न्या

जाणकार म्हणजे मामा. मामांनी हयातभर काष्टीच्या बाजारात बैल पारखले आहेत, गाडी एकही घेतलेली नाही. ते गाडीभोवती एक चक्कर मारतील, टायरला लाथ घालतील, दार धाडकन लावून आवाज ऐकतील आणि "चालतंय" म्हणतील. त्यांना खुर्ची द्या. तोवर तुम्ही पुढची कामं उरका.

आल्या आल्या बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर मालकाने तुम्ही यायच्या आत गाडी चालू करून ठेवली होती, म्हणजे थंड गाडी तुम्हाला दाखवण्यासारखी नव्हती. "ती गार झाली की परत येतो" म्हणून चहाला निघून जा. परत आल्यावर स्वतः सेल्फ मारा. सायलेन्सरमधून निळसर धूर येत राहिला तर ऑइल जळतंय. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडायला सांगा. तिथून भकाभका धूर आला तर गाडी बॅक कॉम्प्रेशन मारतेय आणि इंजिनकामाचा खर्च तुमच्या नावावर लिहिला गेलाय. मालक म्हणेल, "सगळ्याच मारतात." सगळ्या मारत नाहीत.

मग खिशातून लोहचुंबक काढा. जुन्या स्पीकरचं चालेल, पातळ फडक्यात गुंडाळा म्हणजे रंगाला ओरखडा जायचा नाही. दारावर, मडगार्डवर, मागच्या पत्र्यावर हळूहळू फिरवा. पत्रा असेल तिथं ते ओढ घेतं, गॅरेजवाल्याने लांबी भरून वरून रंग मारलेला असेल तिथं निसटतं. बंपर प्लास्टिकचा असतो, तिथं चिकटलं नाही म्हणून आरडाओरडा करू नये. एका दारावर लांबी म्हणजे बैलगाडीचा धुरा लागला असेल. छताच्या खांबावर लांबी असेल तर मामांना खुर्चीवरून उठवा आणि घरी चला.

टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. चारही टायर चार वेगवेगळ्या सालांचे निघाले तर मालकाने गाडीवर खर्च कसा केलाय तो इतिहास समोर आहे.

ट्रायलसाठी मालक सावेडीच्या सरळ रस्त्याला नेईल. तिथं गाडी गप्पच असते. नगरला संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आहे, व्हीआरडीई. तिथं लष्करी गाड्यांची परीक्षा घेतात. तो ट्रॅक आपल्याला मिळायचा नाही. नगर-मनमाड रस्ता मात्र सर्वांना खुला आहे. राहुरीच्या दिशेला थोडं जाऊन या. लिंक रॉड, बुश, शॉकअप, सगळे आपापली नावं सांगतील. मग पाच माणसं बसवून करंजी घाटात घाला. गाडी दुसऱ्या गिअरवर रडायला लागली किंवा उष्णतेचा काटा चढला तर घाटातच किंमत बोलावी; तिथं मालकाचा आवाजही खाली आलेला असतो.

पायरी पाचवी : कागद

नगरचा माणूस दोन गुंठे घेताना सातबारा काढतो, फेरफार काढतो, इतर हक्कात कुणाच्या बहिणीचं नाव आहे का पाहतो, सोसायटीचा बोजा उतरल्याशिवाय इसारही देत नाही. तोच माणूस गाडी घेताना आरसी देव्हाऱ्यात ठेवून हात जोडतो. त्याने आरसीही तशीच वाचावी.

आधी चॅसी नंबर. गाडीवर तो ठोकलेला असतो. जागा मालकाला माहीत नसते, मेकॅनिकला असते. तिथला चिखल ओल्या फडक्याने पुसा, वर कागदाची पट्टी धरा आणि शिसपेन्सिल आडवी घासा. अक्षरं हळूहळू वर येतात. सतरा अक्षरं-आकडे, आणि त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात. आता ही पट्टी आरसीशेजारी धरून एकेक अक्षर बोट ठेवून वाचा. एखादा आकडा शेजारच्या आकड्यांपेक्षा ठळक, तिरका किंवा नव्याने ठोकल्यासारखा दिसला तर दाजींच्या ओळखीला नमस्कार करावा.

मग परिवहनच्या अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाका. मालक कितवा, विमा कधीपर्यंत, फायनान्सचा बोजा आहे का, तिथं दिसतं. कर्ज फिटलंय असं मालक सांगेल. फिटलं असेलही, पण बँकेचं नाहरकत पत्र आणि फॉर्म ३५ असल्याशिवाय आरसीवरून बँकेचं नाव जात नाही. ई-चलनंही तपासा. मागच्या मालकाची वेगमर्यादेची हौस बघून घ्या.

'सह्या केलेले फॉर्म आहेत, कधीही ट्रान्सफर करा' हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. फॉर्म २९ आणि ३० वर पहिल्या मालकाची सही, गाडी तिसऱ्या हातात, आरसी अजून पहिल्याच्याच नावावर, असे प्रकार गावोगाव आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलंय, नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताची जबाबदारी त्याची. म्हणजे विकणाऱ्यालाही झोप लागायला नको. तुमच्या बाजूने अडचण साधी आहे : पहिला मालक वारला किंवा त्याचा मोबाइल नंबर बदलला की तुम्ही ओटीपीच्या शोधात त्याच्या मुलांच्या दारी.

राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने तीस दिवसांत अर्ज करायचा, आणि विमा आपल्या नावावर करून घ्यायला पुन्हा चौदा दिवस. उसाचं बिलही कायद्याने चौदा दिवसांतच द्यायचं असतं, तेव्हा चौदा दिवस म्हणजे काय हे आपल्याकडे नव्याने सांगायला नको. तरीही विम्याचं तेवढं वेळेत करा. नो क्लेम बोनस जुन्या मालकाबरोबर जातो, गाडीबरोबर येत नाही. हप्ता वाढला म्हणून एजंटवर चिडू नये.

पंधरा वर्षांचा हिशेब आधीच करा. २०११ ची गाडी घेतली तर २०२६ ला पुन्हा पासिंग. नूतनीकरणाची फी पाच हजार, वर पर्यावरण कर, शिवाय पासिंगला नेण्याआधी करावी लागणारी डागडुजी. स्वस्त मिळाली म्हणून उड्या मारता ती गाडी पुष्कळदा याच तारखेच्या अलीकडे चार महिने उभी असते. १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलीय का तेही पाहा.

पायरी सहावी : सौदा

मालक दोन साठ म्हणेल, तुम्ही एक साठ म्हणा, मामा मध्ये पडून दोन दहावर आणतील आणि दोन्हीकडून चहा पितील. दूध पेमेंटवर इसार, उरलेले कांद्याची पट्टी आल्यावर, असं बोलू नका. कांद्याचा भाव ऐकून मालक गाडीच परत घेईल. नंबरची बेरीज नऊ येते म्हणून पाच हजार जास्त द्यायचे का, हा ज्याचा त्याचा प्रश्न. आबांना विचारू नका, ते देतील.

पायरी सातवी : गाडी दारात आल्यावर

नारळ फोडायच्या आत चुलत्यांचा फोन येतो. रविवारी संगमनेरला लग्न आहे, गाडी लागेल, ड्रायव्हर त्यांचा आहे. त्यांचा ड्रायव्हर म्हणजे त्यांचा धाकटा. नाही म्हणता येत नाही आणि डिझेलचं तर विचारताच येत नाही. इथं कागद पहिल्यांदाच तुमच्या कामी येतात. "काका, गाडी अजून नावावर नाय झाली. कुठं काय झालं तर लफडं होईल." हे खरंही आहे आणि त्यावर कुणाला बोलता येत नाही. लग्नसराई याच वाक्यावर काढावी. नव्या नावाची आरसी पोस्टाने घरच्या पत्त्यावर येते, तेव्हा पोस्टमनला आधीच गाठून ठेवा. पाकीट ओट्यावर आबांच्या हातात पडलं की संध्याकाळपर्यंत साऱ्या भावकीला कळतं.